नौकेच्या पोटातले उरलेले पाणी

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला ओलसर वास येऊ लागला, की आमच्या किनाऱ्यावर एकच लगबग सुरू होते. मालिम, कुटबण, खारीवाडा, शापोरा येथील धक्क्यांवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. वाळूवरच्या होड्या ओंडक्यांवरून ओढून माडांच्या सावलीत आणल्या जातात. जाळी माळ्यावर जातात आणि झापांच्या छपराखाली वा निळ्या ताडपत्रीखाली सारा संसार शाकारला जातो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत नौकेने स्वस्थ पडून राहावयाचे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे.

परंतु ही विश्रांती नौकेला मानवते काय, हा प्रश्न आम्ही फारसा विचारीत नाही. हंगामाच्या प्रारंभी ताडपत्री काढावी, तो आतून कुबट वास यावा, फळी बोटाने दाबताच भुसभुशीत लागावी, इंजिनाच्या बुडाशी गंजाचा लाल थर दिसावा आणि मालकाने कपाळावर हात मारून घ्यावा, हे दृश्य दरसाल कोठे ना कोठे दिसते. दर्यावर आठ-दहा महिने लाटांशी झुंजलेली नौका जमिनीवर दोन महिन्यांत खंगते. तिला खंगविणारे पाणी बाहेरचे नसते. शाकारताना जे तिच्या पोटात राहून गेले आणि नंतर पावसाने ज्यात थेंबाथेंबाने भर घातली, ते हे पाणी. आजचा हा लेख त्या उरलेल्या पाण्याविषयी आहे. ते काढून टाकण्याचे एक साधे यंत्र दूरच्या थंड देशांतील शिडाच्या नौकांवर आता सर्रास वापरले जाते. त्याची हकीकत आमच्या दर्यावर्दी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

थंड देशांतही नौका शाकारतात. मात्र त्यांचा वैरी पाऊस नसून गोठणारी थंडी होय. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, तेथील पंचमहासरोवरांवर आणि युरोपातील बाल्टिक समुद्रावर हौशी लोकांच्या शिडाच्या नौका लाखांनी मोजाव्या लागतात. ऑक्टोबर उजाडला की त्या क्रेनच्या पट्ट्यांत उचलून जमिनीवर घेतल्या जातात आणि लोखंडी टेकूंवर उभ्या करून एप्रिल-मेपर्यंत ठेवल्या जातात. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ही एवढीशी वाढ बंदिस्त जागेत झाली तर तिच्यापुढे ओतीव लोखंडही टिकत नाही. इंजिनाच्या ज्या पोकळ्यांतून थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी खेळते, त्यांत वाटीभर पाणी राहिले तरी एका कडाक्याच्या रात्री त्या ठोकळ्याला तडा जातो. पिण्याच्या पाण्याचे नळ, पाणी तापविण्याची टाकी, शौचकूपाचा पंप, तळाच्या भोकांवरील पितळी झडपा यांचीही तीच गत. गोलक असलेल्या झडपेची गंमत तर अशी, की ती पूर्ण उघडी असो वा पूर्ण बंद, तिच्या पोटात घोटभर पाणी कोंडलेले राहतेच. म्हणून जाणता नाविक नौका जमिनीवर आल्यावर ती झडप अर्धवट फिरवून ते पाणी ठिबकू देतो. सुकाणूच्या पात्याच्या पोटात फेस भरलेला असतो व तोही पाणी पितो. काही मालक दर शरदात त्याच्या खालच्या टोकाला लहानसे भोक पाडतात आणि वसंतात ते बुजवितात. वेडेपणा वाटावा असाच हा प्रकार. पण पाते उभे चिरफाळल्यावर होणारा खर्च ज्याने एकदा सोसला आहे, तो हसत नाही.

आता कोणी म्हणेल, पंप असताना पाण्याची एवढी चिंता कशाला? शिडाच्या नौकेच्या पोटात, अगदी तळाशी कण्यालगत, एक खोलगट जागा असते. नाविक तिला बिल्ज म्हणतात. डोलकाठीवरून ओघळलेले पावसाचे पाणी, सुकाणूच्या दांड्यापाशी झिरपलेले समुद्राचे पाणी, इंजिनातून गळलेले तेल, स्वयंपाकघरात सांडलेले दूध, सारे शेवटी तेथे येऊन मिळते. तेथे बसविलेला विजेचा पंप पुष्कळसे पाणी फेकतो, पण शेवटचे बोटभर पाणी त्याला उचलता येत नाही. त्याच्या पंख्याला तेवढी खोली हवी असते. शिवाय पंप थांबताच वर चढलेल्या नळीतले पाणी पुन्हा खाली येते. नौकेच्या आडव्या फासळ्यांना पाणी वाहून जावे म्हणून भोके ठेवलेली असतात, तीही केर, केस आणि रंगाच्या खपल्या यांनी तुंबतात. जुन्या लाकडी जहाजांत या भोकांतून एक बारीक साखळी ओवून ठेवीत आणि अधूनमधून ती मागेपुढे ओढून भोके साफ करीत. आज ती साखळी क्वचितच दिसते. त्यामुळे प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये एकेक डबके राहते व तेथे पंपाचा काहीच इलाज चालत नाही.

या जागी ते यंत्र कामास येते. घरातील धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याचाच थोरला, राकट भाऊ म्हणजे ‘वेट अँड ड्राय व्हॅक्यूम’. एक पिंप, पिंपाच्या झाकणावर मोटर, आणि मनगटाएवढी जाड नळी. मोटर पिंपातली हवा उपसते, पिंपात पोकळी निर्माण होते, आणि ती भरून काढण्यासाठी नळीतून हवा व पाणी एकत्र धावत येतात; पाणी जड म्हणून खाली पडते, हवा वरून निघून जाते. पाणी मोटरच्या पंख्यातून जातच नाही, यात सारी खुबी आहे. म्हणून केरकचरा, वाळू, लाकडाचा भुसा असले तरी हे यंत्र सहसा अडत नाही. पिंप भरत आले की आतील तरंगता गोळा वर चढून हवेचा मार्ग बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढा होतो. तो आवाज ऐकला की बटन बंद करावे.

हिवाळ्याच्या शाकारणीत या यंत्राचा मोठा उपयोग कोरड्या तळापेक्षाही दुसऱ्याच एका गोष्टीसाठी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. नळांत आणि इंजिनात पाणी गोठू नये म्हणून तेथे एक गुलाबी रंगाचे द्रावण भरतात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारगाड्यांत वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळांत ते घालणे म्हणजे आत्मघात. आता हे गुलाबी द्रावण बाटलीत असते तेव्हा पुष्कळ थंडी सोसते. पण टाकीच्या कोपऱ्यांत आणि नळांच्या वळणांत आधीच चार-सहा लिटर पाणी राहिले असेल, तर ते त्यात मिसळून द्रावण पातळ होते. नळातून गुलाबी धार आली म्हणून मालक निश्चिंत होतो, आणि जानेवारीत नळ फुटतात. दोष द्रावणाचा नसतो, खाली राहिलेल्या पाण्याचा असतो. म्हणून चांगले नाविक आधी टाकीचे तपासणी-झाकण उघडून कोपऱ्यांतले पाणी ओढून घेतात. मग नळाच्या तोंडाला नळी लावून, भोवती ओले फडके गुंडाळून, वाहिन्यांतले पाणी शोषून काढतात. आणि वाहिन्या रित्या झाल्यावरच द्रावण ओततात. काही यंत्रांची नळी मागच्या तोंडाला जोडली तर हवा उलट जोराने बाहेर पडते. तुंबलेली भोके आणि सांडपाण्याच्या वाटा त्या फुंकरीने मोकळ्या होतात.

वापरण्याच्या चार गोष्टी अनुभवी लोक आवर्जून सांगतात. पाणी ओढण्यापूर्वी आतील कागदी गाळणी काढून ठेवावी, नाहीतर तिचा लगदा होतो. ४० लिटरचे पिंप भरले की ४० किलो वजन होते आणि टेकूंवरच्या नौकेतून शिडीने ते खाली नेणे म्हणजे कंबरेशी वैर. तेव्हा पिंप अर्धे भरताच रिकामे करावे, किंवा पिंप जमिनीवर ठेवून नळीच वर न्यावी. खारे पाणी ओढल्यावर शेवटी बादलीभर गोडे पाणी ओढून यंत्र धुवावे आणि झाकण उघडे ठेवून वाळवावे. घरचा साधा, केवळ धुळीचा व्हॅक्यूम या कामी चुकूनही लावू नये. त्यात हवा मोटरवरूनच जाते आणि पाणी मोटरीत शिरले की विजेचा धक्का ठरलेलाच.

धोक्याचे मात्र थोडे अधिक विस्ताराने सांगणे आम्हांस अवश्य वाटते. कारण यंत्राचे गुण विक्रेता सांगतो, धोका कोणी सांगत नाही. नौकेच्या तळाशी पेट्रोल वा रॉकेल सांडलेले असेल तर हे यंत्र तेथे मुळीच लावू नये. अशा यंत्राच्या मोटरीत ब्रशांच्या ठिणग्या उडत असतात आणि पिंपातून येणारी इंधनमिश्रित हवा त्यांच्याजवळूनच जाते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती नौकेच्या पोटात तळाशी साठून राहते. म्हणजे आपण आपल्या हातांनी दारू भरून बत्ती लावण्यासारखेच ते झाले. आधी वास घ्यावा; वास आला तर फडक्याने वा शोषक कापडाने इंधन टिपावे आणि नौका उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. दुसरा धोका विजेचा. ओल्या नौकेत ओल्या पायांनी २३० व्होल्टची तार हाताळावयाची, तर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा सुरक्षा-स्विच वाटेत असलाच पाहिजे. मांडवातल्या बल्बची तार दोन काड्या खुपसून वापरण्याची आपली सवय किनाऱ्यावरही आढळते. तिला येथे थारा देता कामा नये.

आता आमच्या दर्याकडे वळू. येथे पाणी गोठत नाही हे खरे. पण गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद उघड्या होडीत एक इंच पाऊस पडला तरी तीन-चारशे लिटर पाणी साठते. म्हणजे तेवढेच शेकडो किलोंचे ओझे खालच्या ओंडक्यांवर आणि फळ्यांच्या सांध्यांवर पडते. त्याहून वाईट गोष्ट ही, की हे पाणी गोडे असते. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सुखाने नांदत नाही. गोडे पाणी आणि कोंदट ऊब मिळाली की ती फोफावते. मिठागरांच्या या मुलखात हे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी जहाजबांधणीत तर नव्या जहाजाच्या फासळ्यांमधल्या पोकळ्यांत मीठ भरण्याची रीत होती. आमचे वाडवडील काजूच्या टरफलाचे तेल होडीला पाजीत, त्यामागेही लाकडाला पाण्यापासून आणि किडीपासून वाचविण्याचाच हेतू होता. आज पुष्कळ होड्या फायबरच्या झाल्या आणि ‘फायबर कुजत नाही’ या समजुतीने ती जुनी काळजी सुटली. फायबर कुजत नाही हे अर्धे सत्य आहे. इंजिनाची बैठक, तक्तपोशी, आडवे आधार यांत बहुधा लाकूड वा प्लायवूड दडलेले असते; एखाद्या स्क्रूच्या भोकातून गोडे पाणी तेथे शिरले की वरचे कवच चकचकीत आणि आत भुसा, अशी स्थिती होते.

शिडाच्या नौकांचा विषय आमच्या लोकांना परका आहे असेही कोणी समजू नये. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली ज्या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता, जगाला पहिली प्रदक्षिणा घातली, ती ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. त्या सफरीत कण्यालगतच्या सांध्यातून ती पाणी घेऊ लागली, तेव्हा भर अटलांटिकात नौकेखाली बुडी मारून त्यांनी त्या भेगेत कापसाचा पीळ ठासला. आणि आमच्या गोव्यात, दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगभर फिरून आली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ती दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकाऱ्यांसह गोव्याहून पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ रोजी परतली. म्हणजे नेमकी आमच्या होड्या शाकारण्याच्या दिवसांत. ‘म्हादेई’च्या फायबरच्या कवचाआड लाकडाचाच गाभा आहे. दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारी नौका बांधणारे हात ज्या गोव्यात आहेत, तेथे धक्क्यावरचा ट्रॉलर आतल्या डबक्याने खंगावा, ही विसंगती आम्हांस बोचते.

प्रत्येक रांपणकाराने उद्याच हे यंत्र विकत घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. लहान होडीला बादली, करवंटी आणि मोठा स्पंज पुरतो. स्पंजाने शेवटचा थेंबही टिपला जातो आणि त्याला वीज लागत नाही. वाळूत ओढलेल्या होडीची बुडातली बुचे काढून तिचे तोंड किंचित उंच ठेवले तर पाऊस आपण होऊन वाहून जातो, याहून स्वस्त उपाय नाही. परंतु ज्या ट्रॉलरच्या पोटात माणूस वाकूनही पोहोचत नाही अशा सांदीकोपऱ्यांचे काय? काही हजार रुपयांचे हे यंत्र एका मालकाला वर्षातून दोनच दिवस लागते. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक धक्क्यावर असे एक-दोन संच, सुरक्षा-स्विचसह, भाड्याने ठेवावे. डिझेलच्या अनुदानावर वर्षानुवर्षे शब्द खर्च होतात. त्यातील थोडे या गोष्टीसाठी खर्ची पडले तर बरे होईल.

उपसलेल्या पाण्याचे करावयाचे काय, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही; उलट तो उघडा पडतो. इंजिनाच्या खालून निघालेले पाणी काळे आणि तेलकट असते. ज्या जहाजांना तेलप्रदूषणाचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, त्यांना दहा लाखांत १५ भागांहून अधिक तेल असलेले पाणी समुद्रात सोडता येत नाही. आमच्या धक्क्यावर मात्र तेच पाणी बादलीने बिनदिक्कत खाडीत ओतले जाते, आणि त्याच खाडीतल्या तिसऱ्या व शिनाणे आम्ही चवीने खातो. पिंपातले पाणी रात्रभर स्थिर ठेवले तर मोकळे तेल वर तरंगते आणि शोषक कापडाने ते टिपता येते. साबण घालून ढवळले की मात्र तेल पाण्यात विरल्यासारखे दिसते, डोळ्यांना स्वच्छ वाटते आणि खाडीत दूरवर पसरते. अनेकांना ती सफाई वाटते, हे दुर्दैव. बंदरखात्याने धक्क्यावर या तेलासाठी एक झाकणाचे पिंप ठेवावे आणि ते भरल्यावर उचलावे. उचलण्याचे काम पिंप ठेवण्याहून कठीण जाईल, असे पूर्वानुभवावरून वाटते.

डासांचा विचार यातच करावयास हवा. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला स्वच्छ, साठलेले पाणी लागते. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. सैल पडलेल्या ताडपत्रीच्या खळग्यांत आणि तिच्याखालच्या होडीत त्याची ऐन वस्ती होते, आणि होड्यांच्या रांगेला लागूनच घरे असतात. ताडपत्री मध्ये आडवा बांबू घालून ताणून बांधावी, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवावीत, आणि दर आठवड्यास कोणीतरी आत डोकावून डबके टिपावे. शाकारणी एका दिवसात होते आणि मग ऑगस्टपर्यंत नौकेकडे पाहावयाचे नाही, ही आमची समजूत येथे नडते. थंड देशांतला मालक बर्फ तुडवीत महिन्यातून एकदा तरी आपल्या नौकेकडे फेरी मारतो. आमच्या मालकाला तर घराच्या ओसरीवरून ती दिसत असते.

वसंतात तेथे नौका पुन्हा पाण्यात उतरविताना एक रीत काटेकोरपणे पाळतात. क्रेन नौकेला पाण्यावर टेकविते, पण पट्टे लगेच सोडीत नाहीत. शरदात सुटी केलेली एखादी नळी जोडावयाची राहून गेली असेल, एखादी झडप उघडीच असेल, तर नौका बंदरातच बुडावयाची. म्हणून एक माणूस विजेरी घेऊन खाली उतरतो, तळाच्या फळ्या उचलतो, प्रत्येक झडपेवरून बोट फिरवून ते कोरडे आहे ना ते पाहतो आणि वर येऊन हात हलवितो. मग पट्टे सुटतात. नारळी पौर्णिमेच्या सकाळी, नारळ दर्यात सोडण्यापूर्वी, आमच्या तांडेलांनीही एकदा तळाची फळी उचलून पाहण्यास किती वेळ लागेल?